माळवदाचा सांगाडा : किल्लारीनंतरच्या एका वादाचा आढावा

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गजवळ अणदूर लागते. रस्त्याच्या कडेला स्लॅबची घरे आणि पत्र्याची दुकाने आहेत. आत जुन्या गावठाणात शिरले की दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांच्या आतले लाकडी खांब अजून दिसतात. काही घरे नांदती आहेत, काहींत कडबा भरलेला असतो, काहींचे माळवद, म्हणजे लाकडावर तोललेले मातीचे सपाट छत, मधोमध खाली बसले आहे. तुळजापूर, लोहारा, उमरगा या तालुक्यांतल्या बहुतेक जुन्या गावांत थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे.

लाकडी सांगाड्यावर छत तोलणारे घर आज बांधावे का, हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत जगभरच्या वास्तुशास्त्रात नव्याने उभा राहिला आहे. युरोप-अमेरिकेत लाकडाच्या अठरा-पंचवीस मजली इमारती उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातही काही वास्तुविशारद लाकडाकडे आणि बांबूकडे वळले. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत मात्र या प्रश्नाला वेगळा इतिहास आहे. इथे तो १९९३ साली किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे जवळजवळ कायमचा निकालात निघाला, असे लोकांनी मानले. तो खरोखर निकालात निघाला होता का आणि आज त्याबाबत कोण काय म्हणते, हे या लेखात पाहायचे आहे.

माळवद उभे राहते कसे

वादाचा बराचसा भाग घराच्या बांधणीत दडलेला आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी लागते. मराठवाड्यातल्या जुन्या घरात आधी लाकडी सांगाडा उभा राही आणि भिंती मागाहून येत. घडीव दगडाचे उथळे, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर जवळजवळ टाकलेल्या कड्या आणि कड्यांवर फळ्या, असा हा क्रम. सांध्यांना खिळा क्वचितच. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसे. सधन घरी साग आणि फळ्यांचा कडीपाट, बेताच्या घरी बाभूळ किंवा लिंब आणि फळ्यांऐवजी फांद्या-तुराट्या. घर मोजायचे ते खणांवर, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांवर. चार खणांचे, सहा खणांचे घर म्हटले की ऐकणाऱ्याला त्याचा आकार कळे, आणि भावाभावांच्या वाटणीतही खणच वाटले जात.

या लाकडावर लिंबाचा पाला, त्यावर तुडवलेला चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. ही माती तडकत नाही, पाणी मुरू देत नाही. पण दरवर्षी पावसाच्या माऱ्याने थोडी वाहून जाते, म्हणून मृगाआधी माळवदावर नवी माती टाकायची रीत पडली. मेख इथेच आहे. जुनी माती कोणी काढत नसे. वाहून गेली त्यापेक्षा थोडी जास्तच वर पडे, आणि बांधताना वीतभर असलेला थर दोन पिढ्यांत हातभर, कुठे दीड हात होई.

त्याचे वजन मोजून पाहण्यासारखे आहे. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब खोली घेतली, मातीचा थर ४५ सेंटिमीटरचा धरला आणि मातीचे वजन घनमीटरला १,७०० किलो मानले, तर डोक्यावर नऊ टनांहून अधिक माती बसते. त्याच खोलीवरचा १२ सेंटिमीटरचा सिमेंटचा स्लॅब साडेतीन टनांच्या आसपास भरतो. पत्रा टाकला तर लोखंडी सांगाडा सोडून त्याचे वजन साठ-सत्तर किलो.

आता भिंत. ती दोन पदरांची असते. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक पदर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड व चिखलाची भर. दोन्ही पदरांना शिवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नसतो. पाणी मुरून आतली भर फुगली की पदर बाहेर येतो. भिंतीला पोट आले, असे गवंडी म्हणतात. खांब कधी या भिंतीला खेटून, कधी तिच्या जाडीत अर्धे गाडलेले असतात. खांबाचा बुंधा कुजतो तो बहुधा तिथेच, कारण तिथे त्याला वारा लागत नाही आणि वाळवी कोणाच्या नजरेस पडत नाही.

वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस आणि चाळिशीपार जाणारा उन्हाळा असलेल्या मुलखात हे सपाट, जाड छत पटण्यासारखे होते. कोकणात पावसाने वेगळे लाकूडकाम घडवले: जांभ्याच्या भिंती, उतरते छप्पर, आढे, वासे, रिपा आणि त्यावर कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यावर तीही मंगळुरी झाली. पुण्याच्या वाड्यांत जोत्यावर लाकडी चौकट आणि तिच्यात भरलेली विटा-मातीची भिंत, ही तिसरी पद्धत. वाड्यांची दुबळी बाजूही तिथल्या इतिहासात नोंदलेली आहे. १८२८च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकूडकाम जळाले, आणि १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात भिजलेल्या मातीच्या भिंती जागोजाग ढासळल्या. आगीत लाकूड गेले, पुरात भिंत. कोणते संकट घराच्या कोणत्या अवयवावर येते, हे वेगळे काढून पाहण्याची सवय किल्लारीच्या बाबतीतही उपयोगी पडते.

पहाटे काय पडले

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक घरात झोपले होते. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. धक्क्याची तीव्रता ६.२ ते ६.४ होती. जगाच्या मानाने हा मध्यम भूकंप. एवढी माणसे मेली ती घरांमुळे. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ला जवळपास तेवढ्याच तीव्रतेच्या कोयनेच्या भूकंपात दोनशेच्या आत माणसे गेली होती. किल्लारीचा परिसर तर तेव्हाच्या भूकंपमानकांत सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. पुढे २००२च्या सुधारणेत तो विभागच रद्द झाला आणि हा पट्टा तिसऱ्या विभागात गेला.

भूकंपानंतरच्या तांत्रिक पाहण्यांत एक दृश्य पुन्हा पुन्हा नोंदले गेले. भिंतीचे दोन्ही पदर सुटून दगड आत-बाहेर कोसळलेले, आणि छत मात्र खांबांवर तसेच उभे. जगभरच्या घरबांधणी-प्रकारांच्या ज्ञानकोशासाठी स्वेतलाना ब्रझेव, मार्जोरी ग्रीन आणि रवी सिन्हा यांनी या घरावर स्वतंत्र टिपण लिहिले. त्याच्या शीर्षकात दगडी भिंती, लाकडी चौकट आणि लाकडी छत हे तीन घटक वेगवेगळे नोंदलेले आहेत. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण सामान्य बोलण्यात हे तिन्ही एक झाले आणि ‘दगडामातीची घरे पडली’ एवढेच वाक्य उरले.

म्हणून सांगाडा निर्दोष होता असे नाही. खांब-तुळईच्या चौकटीत तिरके आधार नव्हते. बाजूने येणारा हेलकावा पेलायचा तो भिंतींनी, आणि भिंती गेल्या की नऊ टन माती डोक्यावर घेतलेले खांब एका बाजूला कलंडत. जिथे बुंधे कुजलेले होते, सांधे सैल झाले होते किंवा लाकूड वेडेवाकडे होते, तिथे छतही खाली आले आणि वाचण्याची शक्यता संपली. दगडाखाली गेलेला माणूस बाहेर काढता येई. मातीखाली गेलेला गुदमरे.

पुनर्वसनाने काय ठरवले

जागतिक बँकेच्या कर्जावर राज्य सरकारने आखलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. विटा, सिमेंटचे ठोकळे, काँक्रीट. आखीव चौकोनी रस्ते. लाकडी सांगाड्याला तिथे जागा नव्हती, आणि तेव्हाची मनःस्थिती पाहता असती तरी ते घर कोणी घेतले असते असे वाटत नाही. दगडाची धास्ती एवढी होती की पडझड न झालेल्या गावांतही लोक कित्येक महिने घरासमोर पत्र्याच्या खोपीत झोपत.

कमी बोलला जातो तो कार्यक्रमाचा दुसरा भाग: तडे गेलेल्या पण उभ्या असलेल्या, दोन लाखांच्या जवळपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. त्यासाठी हजाराहून अधिक गावांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने गावातल्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घरमालकाने अनुदानाच्या हप्त्यांतून स्वतः काम करून घ्यायचे, अशी योजना होती. बहुतेकांनी त्या पैशांत जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी नवी पक्की खोली बांधली. माणसाने भीती आणि हिशेब दोन्ही धरून केलेली ती निवड होती. तिला अडाणीपणा म्हणणे चूक ठरेल. पण तिचा परिणाम असा झाला की जुने घर जसेच्या तसे, तेवढेच धोकादायक, मागे उभे राहिले. अणदूरसारख्या गावांत आज दिसणारी अनेक माळवदे त्या काळापासून दुरुस्तीविना आहेत.

तीन बाजू

पहिली बाजू अभियंत्यांच्या मोठ्या गटाची आहे. त्यांचे म्हणणे साधे आणि वजनदार आहे. भूकंपाचा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जड छत आणि चिखलात रचलेला दगड हा योग टाळलाच पाहिजे. लाकडाचा दर्जा घरागणिक बदलतो, सुताराचे कौशल्य तपासता येत नाही, वाळवी आणि कुज आतून चालते. लाखो घरे थोड्या वेळात, मध्यम कौशल्याच्या मजुरांकडून बांधायची तर मानकात बसणारी, तपासता येणारी पद्धत हवी. ती विटा-काँक्रीटची आहे. जोते, दारे-खिडक्यांच्या वरची पातळी आणि छत अशा तीन ठिकाणी काँक्रीटचा पट्टा फिरवला तर साधी वीटभिंतही एकसंध हलते. ही बाजू लाकडाच्या द्वेषातून आलेली नाही. भारतीय मानक १३८२८ कमकुवत बांधकामासाठीच १९९३ साली निघाले आणि त्यात दगडी भिंत नाकारलेली नाही. जाडी ४५० मिलिमीटरच्या आत ठेवा, उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडव्या दिशेने १.२ मीटरच्या आत आरपार दगड घाला, असे ते सांगते. काँक्रीटच्या पट्ट्याला लाकडी पट्ट्याचा पर्यायही मानकांना ठाऊक आहे.

दुसरी बाजू दुरुस्तीवाल्यांची. अभियंता राजेंद्र देसाई आणि वास्तुविशारद रूपल देसाई या दांपत्याने भूकंपानंतर या भागात आहे ते घर पाडल्याशिवाय मजबूत करण्याची तंत्रे गवंड्यांबरोबर राबवून दाखवली. त्यांतले एक काम जवळून पाहण्यासारखे आहे. भिंतीतला एक दगड बाहेरून आणि त्याच्या समोरचा आतून अलगद काढायचा, मधली भर उकरून आरपार भोक करायचे, दोन्ही तोंडांशी ते रुंद ठेवायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. भिंतीचे दोन पदर एकमेकांना टाचले जातात. याच्या जोडीला माळवदावरची जादा माती उतरवायची, आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरका लाकडी आधार ठोकायचा. शेवटची दोन कामे गावच्या सुताराला आणि घरच्या माणसांना जमण्यासारखी आहेत.

वर केलेल्या हिशेबाकडे पुन्हा पाहिले तर या बाजूचे बळ कळते. त्याच खोलीवरची माती ४५ सेंटिमीटरवरून १५वर आणली तर वजन तीन टनांच्या आसपास येते. लाकूड धरूनही ते स्लॅबच्या फारसे पुढे जात नाही. जड म्हणून दोषी ठरलेले छत स्लॅबच्या पंक्तीला बसते, आणि ते तोलायला सांगाडा आधीच उभा असतो. अभियंत्यांची यावरची हरकतही रास्त आहे. थर पातळ झाला की गारवा कमी होतो, गळती वाढते, आणि गळती लागली की घरमालक पुन्हा माती टाकतो. मातीखाली प्लास्टिकचा कागद घातला तर गळती थांबते. पण लाकडाला वारा मिळेनासा होऊन ते कुजते का, यावर मतभेद आहेत.

तिसरी बाजू घरापलीकडे जाते. रोहित जिज्ञासू यांनी २००२ साली नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम इथल्या विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात मराठवाडा आणि नेपाळ या दोन प्रदेशांचा अभ्यास आहे. आपत्तीपासून वाचवण्याच्या नावाखाली स्थानिक ज्ञान आणि क्षमता मोडीत निघाल्या तर लोक पुढच्या आपत्तीला अधिक उघडे पडतात, असा त्याचा रोख. काँक्रीटचे घर वाढवायची वेळ आली तेव्हा नव्या गावांतल्या लोकांनी पत्रे, जुने दगड, जुने वासे असे मिळेल ते वापरले. ते बांधकाम जुन्या पद्धतीचेही नव्हते आणि नव्या पद्धतीचेही नव्हते. सुताराला काम उरले नाही. यावरचा प्रतिवाद असा की ज्या ज्ञानाने भिंतीत आरपार दगड घालायचे सोडून दिले होते ते १९९३ पूर्वीच क्षीण झाले होते; ते मोडले त्याचा दोष पुनर्वसनावर टाकता येत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि मला ती तशीच वाटतात.

इतरत्र काय झाले

१७५५च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा बांधताना पोर्तुगालच्या राज्यकर्त्यांनी भिंतीच्या पोटात तिरक्या आधारांचा लाकडी पिंजरा सक्तीचा केला. काश्मीरमध्ये लाकडी चौकटीचे छोटे छोटे कप्पे करून त्यांत दगड-विटा भरायची ‘धज्जी देवारी’ ही जुनी रीत आहे. २००५च्या भूकंपात ती इतर घरांपेक्षा बरी टिकली, आणि पुढच्याच वर्षी पाकिस्तानच्या पुनर्वसन यंत्रणेने तिला अनुदानपात्र पद्धतींत घेतले. दोन्ही ठिकाणी आपत्तीनंतर सरकारने लाकूड घरात आणले. किल्लारीनंतर ते बाहेर गेले.

ही तुलना अनेक लेखांत येते, पण ती जपून करायला हवी. काश्मीरमध्ये देवदार हाताशी होता आणि तो कापणारे सुतारही. धज्जीच्या भिंतीत तिरकी लाकडे असतात, माळवदाच्या चौकटीत नसतात. शिवाय धज्जीच्या घरांवरचे छत बहुधा हलके आणि उतरते असते. धाराशिव जिल्ह्यात जंगलाचा वाटा राज्यात तळाशी, जेमतेम टक्क्याच्या आसपास आहे. इथे सांगाडा पुन्हा उभा करायचा म्हटले तर पहिला सवाल भूकंपाचा येतच नाही, तो लाकडाचा येतो.

कागदावरचे लाकूड

लाकडाचा प्रश्न कायद्याच्या वाटेनेही अडला. साग, चिंच, आंबा यांसारखी झाडे स्वतःच्या शेतात असली तरी १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. १९९३ साली, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरणे थांबवले. १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर आणि करवतगिरण्यांवर निर्बंध आणले. जंगल वाचवण्यासाठी हे आवश्यकच होते. पण त्यातून एक पिढी अशी तयार झाली, जिच्या अभियांत्रिकी शिक्षणात लाकूड म्हणजे दार, खिडकी आणि शटरिंग. २०२०च्या जुलैमध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाची ती बंदी उठली. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबू या दोन्हींच्या रचनेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे कागदावर दार उघडे आहे.

ग्रामीण घराला मात्र वेगळा कागद लागू होतो. जनगणनेच्या व्याख्येत पत्र्याचे छत पक्के, मातीचे कच्चे. मे महिन्यात दुपारी या दोन छतांखाली बसून पाहिलेल्या कोणालाही हा क्रम चमत्कारिक वाटेल. पण मोजणी टिकाऊपणाची आहे, सुखाची नाही, हे तिच्या बाजूने म्हणावे लागते. पंतप्रधान आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र लागते. त्या रकमेत सागाचा सांगाडा बसवणे अशक्य आहे. स्लॅबही ओढूनताणूनच बसतो, म्हणून घरोघरी भिंती विटांच्या आणि वर पत्रे, असा शेवट होतो.

नवे लाकूडकाम आणि त्याचा धनी

महाराष्ट्रातल्या समकालीन लाकडी बांधकामाचा उल्लेख झाला की पहिले नाव येते बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईचे. मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर नांदगावला माडांच्या बागेत २००७ साली पूर्ण झालेले ‘पाल्मायरा हाउस’ म्हणजे ऐनाच्या लाकडाच्या दोन लांब पेट्या. सांधे सुतारांनी हाताने बसवलेले, बाजूंना ताडाच्या लाकडाच्या झडपा, त्यांतून वारा आरपार. आगाखान पुरस्काराच्या २०१०च्या अंतिम यादीत ते होते. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला समीप पदोरा यांच्या कार्यालयाने केलेले ‘जेतवन’ दुसऱ्या टोकाचे आहे. भिंती दगडाच्या चुऱ्याच्या, छताचा सांगाडा मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडाचा, वर मातीची गुंडाळी आणि जुनी कौले. पालघर जिल्ह्यात प्रतीक धानमेर आणि शार्दूल पाटील यांची ‘डिझाइन जत्रा’ स्थानिक कारागिरांबरोबर लाकूड, बांबू आणि माती वापरते. कुडाळच्या कॉनबॅकने २००४पासून प्रक्रिया केलेल्या बांबूच्या बांधकामाला व्यवसायाचे रूप दिले.

या कामांवरचा नेहमीचा आक्षेप असा की ती सुट्टीच्या घरांची, संस्थांची आणि रिसॉर्टची आहेत. आक्षेपात तथ्य आहे. पण दोन गोष्टी त्यांनी सिद्ध केल्या, आणि त्या अणदूरलाही लागू पडतात. एक, महाराष्ट्रातला सुतार अजून सांधा बसवू शकतो. दोन, जुने लाकूड पुन्हा भार घेऊ शकते. मराठवाड्यात पडक्या वाड्यांचे खांब, कोरीव हस्त आणि चौकटी व्यापारी घाऊक भावात उचलतात; ते शहरातल्या हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या सजावटीला जातात. ज्या गावात लाकूड उरलेले नाही त्या गावातले सर्वांत चांगले लाकूड असे बाहेर जाते. जेतवनच्या छतात जहाजाचे लाकूड जे काम करते तेच काम पडक्या माळवदाचे खांब त्याच गावात का करू नयेत, असे विचारणारे थोडेच आहेत. मला तो या सगळ्या चर्चेतला सर्वांत व्यवहारी प्रश्न वाटतो.

आगीबद्दलचा समज इथेच तपासून घ्यावा. जाड तुळई पेटते, पण वरचा कोळशाचा थर आतल्या लाकडाला जपतो. जळण्याचा वेग मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरच्या आत असतो, म्हणजे तासाभरात चार सेंटिमीटरच्या आसपास. नॉर्वेतल्या ब्रुमुंडालची १८ मजली ‘म्योस्टोर्नेट’ (२०१९, ८५.४ मीटर) आणि अमेरिकेतल्या मिलवॉकीची २५ मजली ‘असेंट’ (२०२२, ८६.६ मीटर) या इमारतींची आगीपासूनची सुरक्षा याच गुणावर हिशेबली आहे. त्यांत फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेले जाड लाकूड आहे. आपल्याकडच्या तुराट्या-फांद्यांच्या छताला हा हिशेब लागू होत नाही.

लाकूड येणार कुठून

लाकडाच्या जागतिक पुरस्काराचा मोठा आधार कर्बाचा आहे. सुक्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो; सिमेंटच्या उत्पादनातून मात्र जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या सात-आठ टक्के भर पडते. २०२० साली गॅलिना चुर्किना आणि सहकाऱ्यांनी शहरांतल्या लाकडी इमारती कर्ब साठवण्याची कोठारे होऊ शकतात, अशी मांडणी केली. २०२३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या पेंग, सर्चिंगर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने उलट बाजू दाखवली. लाकूडतोडीचा खरा कर्बखर्च वर्षाला ३.५ ते ४.२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड इतका आहे आणि तो हिशेबात धरला जात नाही. वाद अजून चालू आहे, आणि तो जंगल नीट राखले जाते का यावर येऊन थांबतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून आपल्याकडे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग येतो. तेवढ्या लांबून आलेल्या लाकडाच्या कर्बाचा हिशेब मराठवाड्याच्या घरासाठी मांडणे अवघड आहे.

म्हणून या पट्ट्यात चर्चा बांबूकडे वळली. २०१७च्या वटहुकमाने आणि पाठोपाठच्या कायद्याने जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, तोडीची-वाहतुकीची अडचण सरली. लातूरचे पाशा पटेल वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना बांबू लावायला सांगत आहेत, आणि जिल्ह्यातल्या लोदगा इथे त्याचे केंद्र उभे राहिले आहे. पण त्यांच्या मांडणीत बांबू मुख्यतः ऊर्जा, इथेनॉल, फर्निचर यांसाठी येतो. घराच्या सांगाड्यासाठी तो दुय्यम आहे. बांबूला रसायनाची प्रक्रिया न करता वापरले तर पोरकिडा दोन-तीन वर्षांत त्याचे पीठ करतो, आणि तशी प्रक्रिया करणारी सोय गावाजवळ असणे ही पहिली अट आहे. शिवाय बांबूवर टनावारी माती टाकता येत नाही. बांबूचे घर हे माळवद असणार नाही, ते वेगळेच घर असेल. त्याचे छत उन्हाळ्यात गार कसे ठेवायचे, याची उत्तरे कोकणातून आयती घेता येणार नाहीत.

काय सुटलेले नाही

दोन-तीन गोष्टींवर आता जवळजवळ एकमत आहे. भिंतीचे दोन पदर टाचल्याशिवाय कोणतेही जुने दगडी घर सुरक्षित नाही. माळवदावरची माती कमी झालीच पाहिजे. पत्रा भूकंपात हलका असला तरी मे महिन्यात राहण्याजोगा नाही. याच्या पुढे मते फुटतात.

सर्वांत मोठी फूट तपासणीबाबत आहे. तिरके आधार आणि पातळ माती असलेल्या खणाच्या चौकटीने किती धक्का पेलावा, तिचे सांधे कसे असावेत, हे मानकाच्या भाषेत मांडल्याशिवाय कनिष्ठ अभियंता त्यावर सही करणार नाही आणि बँक कर्ज देणार नाही. अभियंते म्हणतात, आधी चाचण्या करा. कारागीर आणि त्यांच्या बाजूचे वास्तुविशारद म्हणतात, शेकडो सांगाडे तीस वर्षांपूर्वीच्या धक्क्यातून उभे राहिले, हीच चाचणी. पहिल्यांची अट अवजड आहे, दुसऱ्यांचा दाखला अपुरा, कारण उभे राहिलेल्या घरांबरोबर कलंडलेल्या घरांचीही मोजदाद व्हायला हवी.

दुसरी फूट पैशांची. दुरुस्तीला अनुदान द्यायचे की नव्या घराला? घरकुलाची व्यवस्था नव्या घराभोवती उभी आहे. उभे माळवद मजबूत करायला नव्या घराच्या मानाने बराच कमी खर्च येतो, असे दुरुस्तीवाल्यांचे मत. दुरुस्ती केलेले घर पुढच्या तीस वर्षांत कोण सांभाळणार, वाळवी कोण पाहणार, असा योजनेच्या बाजूचा सवाल. देखभाल हा जुन्या घराचा भाग होता. दरवर्षी माळवदावर चढणारी माणसे घरात होती, सुतार बलुत्यावर होता. आता तरुण पुण्या-सोलापुरात कामाला असतो आणि घरी दोन वृद्ध माणसे. माती उतरवायची म्हटले तरी मजूर लावावा लागतो.

तिसरी फूट राहणाऱ्यांच्या मनात आहे, आणि तिच्यावर तंत्राचा इलाज चालत नाही. किल्लारीच्या पिढीला दगड-मातीच्या छताखाली झोप लागत नाही. त्यांच्या नातवंडांना त्या पहाटेची आठवण नाही, पण त्यांना पक्क्या घराची प्रतिष्ठा हवी आहे. पुन्हा लाकडाकडे जायचे म्हणणाऱ्यांना या दोन्ही पिढ्यांशी बोलावे लागेल. आणि त्याआधी अणदूर, जळकोट, सास्तूर इथल्या गावठाणांत उरलेल्या सांगाड्यांची खांबागणिक नोंद करावी लागेल: कोणते लाकूड, बुंधा शाबूत की कुजलेला, सांधा कसला, भिंतीपासून किती सुटा, वर माती किती. असे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या वास्तुशास्त्र किंवा स्थापत्य विभागाला एका उन्हाळ्यात हाती घेता येईल. ती नोंद हाती असली तर अभियंत्यांचा आणि दुरुस्तीवाल्यांचा वाद निदान एकाच घराबद्दल होईल.